पांढरीवरचा मास्तर

सन दोन हजार तेरा. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. गुडघे शाबूत होते, दात निम्मे होते, आणि एका माणसाला आमच्या खोऱ्यातून कायमचं खाली उतरवायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तो माणूस म्हणजे आमचा मास्तर.

कारण सांगतो. धाकट्या पोराची सोयरीक जमवायला पाहुणे आले होते. डोंगर चढून बिचारे घामाघूम झालेले. मी पटका बांधून, चांगलं घोंगडं अंथरून त्यांना घराण्याची थोरवी सांगत होतो, की ह्या खोऱ्यात पहिलं पाऊल पडलं ते आमच्या वाडवडलांचं. तेवढ्यात मास्तर दारात उभा. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय पाहुणे, पाहुणे आले वाटतं?"

होणारा व्याही माझ्या तोंडाकडं बघायला लागला. ज्याच्या घोंगड्यावर बसलो तोच पाहुणा, मग घर कुणाचं? सोयरीक जमली, त्याचं काही अडलं नाही. पण माझ्या उंबऱ्यात उभं राहून मला पाहुणा म्हणणारा माणूस मी विसरत नसतो.

तसा तो सगळ्यांनाच पाहुणे म्हणायचा. ज्या म्हातारीच्या हातून खोऱ्यातली निम्मी बाळंतपणं झाली तिलाही पाहुणीबाई. नुकत्या जन्मलेल्या पोराला बघायला आला तर वाकून म्हणायचा, "या पाहुणे, बसा." बाया हसायच्या. मी हसत नव्हतो. मला हसायला कारण लागतं.

आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पोरानं जुळे सोलापुरात आणून ठेवलंय. संध्याकाळी बिल्डिंगच्या खाली बाकड्यावर पेन्शनवाले बसतात. एकानं विचारलं, आजोबा, मूळचे कुठले? मी सांगितलं. तो म्हणाला, त्या डोंगरात? तिथं कुठं माणसं राहतात? मी उठून वर आलो आणि सुनेकडून वही मागून घेतली. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या वेळेला मेंढरं आडवी आली. वाचणाऱ्याला शुद्ध वाटलं नाही तर त्यानं आपल्या घरी शुद्ध बोलावं.

तर खोरं. माळशिरसच्या मावळतीला डोंगर लागतात. खाली कालवा, ऊस, साखर कारखान्याची मळी, सगळं हिरवंगार. वर कुसळं आणि वारा. बहात्तरच्या दुष्काळात फोडलेला कच्चा रस्ता खिंडीपर्यंत चढतो. खिंड ओलांडली की पलीकडं परातीसारखं पसरलेलं आमचं खोरं. वरच्या अंगाला आमची मेंढरंवाल्यांची वाडी, खाली ओढ्याकडं मुलाण्यांची वाडी. आणि दोन्ही वाड्यांच्या मधे पांढरी.

पांढरी म्हणजे मोडलेल्या गावाचं टेकाड. माणसं पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिली, चुली पेटवल्या, राख टाकली, भिंती पडल्या, पडलेल्यावर परत भिंती उठल्या, की तिथली माती पांढुरकी होते. पिकायला काळी, राहायला पांढरी, असं आमच्यात म्हणतात. आमची घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छत. त्या छतावर पांढरीचीच माती लागते, कारण ती पाणी आत सोडत नाही. दर साली रोहिण्या निघायच्या आधी दोन्ही वाड्या पांढरीवर जमतात, माती खणतात, टोपल्यांनी वाहून आपापल्या धाब्यावर पसरतात.

आणि त्यात पहिलं टोपलं भरायचा मान जे घराणं खोऱ्यात आधी आलं त्याचा. म्हणजे आमचा.

रसूल मुलाणी म्हणतो, त्यांचा. रसूल माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही दोघांनी एका ओढ्यात खेकडे धरले, एकाच बांधावरून भांडलो, आणि दर साली पांढरीवर दोघंही कुदळ घेऊन दिवस उगवायच्या आत हजर. आमच्या बापांनी ह्याच्यावरून डोकी फोडली, आम्ही नुसत्या शिव्यांवर भागवलं. इतकी सुधारणा झाली.

मास्तर त्या दिवशी हटकून यायचा. काळी छत्री, डोक्याला मळकी टोपी, अंगात बाराही महिने तोच तपकिरी कोट. टेकाडावर बूड टेकायचा आणि आमचं भांडण रंगात आलं की म्हणायचा, "पाहुणे, ज्यांची माती नेताय त्यांना विचारलं का, पहिलं टोपलं कुणाचं?"

रसूल म्हणायचा, "मेली की ती माणसं, मास्तर."

"मेली नाहीत. तुमच्या धाब्यावर बसली आहेत. डोक्यावर घेऊन फिरताय आणि वर म्हणताय आम्ही पहिले."

ह्यावर आम्ही दोघं मिळून त्याला शिव्या द्यायचो आणि मग परत एकमेकांना.

मास्तर सोलापूरचा. नवी पेठेत त्याच्या भावांचं कापडाचं दुकान. नोकरीची पहिलीच नेमणूक आमच्या एकशिक्षकी शाळेवर झाली. इथं येणारा मास्तर पहिल्या दिवसापासून बदलीच्या मागं लागतो. हा बदली आली की अंगावर धावून जायचा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, बायकोला काय सांगू, कुठं आणलं म्हणून? रिटायर झाला तरी उतरला नाही. शाळेत नव्या बाई आल्या, त्या खालून येऊन-जाऊन करायच्या. मास्तर आपला तिथंच.

त्याचं वेड एकच. ह्या खोऱ्यात आधी कोण होतं?

त्यासाठी तो दिवसभर वाकून चालायचा. पायाखाली खापरी दिसली की उचलायची, कोटाला पुसायची, खिशात टाकायची. कोटाचे खिसे गुडघ्यापर्यंत लोंबायचे. फाटले की आमच्या घरी येऊन मुकाट्यानं कोट काढून द्यायचा आणि आमची ही ते शिवून द्यायची. एकदा तिनं खिसा उपडा केला तर खापऱ्या, शिंपल्याचा मणी, गारगोटीच्या चिपा आणि एक अर्धी खाल्लेली भाकरी. भाकरीसुद्धा जुनीच होती.

आणि तो वस्तू चाटायचा. खरं सांगतो. जमिनीतून पांढरं काही निघालं की जिभेला लावून बघायचं. जीभ चिकटली तर हाड, नाही चिकटली तर दगड. आमच्या वाडीत नवी आलेली एक सून पाण्याला निघाली आणि मास्तरला धोंडा चाटताना बघून घागर टाकून पळत घरी आली. सासू म्हणाली, घाबरू नगं, आपलाच मास्तर हाय.

शाळेत राजांची नावं शिकवायचा, पण अंग चोरून. त्याचा खरा तास म्हणजे घरी जाऊन विचारून यायचं, आपल्या घरातलं पहिलं माणूस खोऱ्यात कसं आलं. कुठल्या वाटेनं, काय डोक्यावर घेऊन, आणि आल्यावर काय दिसलं. पोरं आज्यांना छळायची. आमचा थोरला तर माझ्या म्हाताऱ्याच्या उशाला बसून एकेक गोष्ट काढून घ्यायचा आणि शाळेत जाऊन ओकायचा. घरातल्या गोष्टी त्या. काही चार लोकांत सांगायच्या असतात, काही नसतात. मी शाळेत जाऊन मास्तरला सांगितलं, पोराला पाढे शिकवा, आमचं घर खणू नका. मास्तर म्हणाला, घर मी खणत नाही पाहुणे, पांढरी तुम्हीच खणताय.

त्याचं सांगणं असं, की आधी गुरं घेऊन माणसं आली, तेव्हा लोखंड ठाऊक नव्हतं. त्यांच्या दगडी हत्यारांच्या चिपा खिंडीच्या अंगाला सापडतात. मग कधीतरी पांढरीचं गाव वसलं. त्यांच्याकडं दळायची जाती होती, मणी होते, रंगवलेली मडकी होती. ते गाव का उठलं हे त्याला माहीत नव्हतं आणि हे त्याच्या जिवाला लागलं होतं. पाणी आटलं म्हणायचा, दुसऱ्या दिवशी रोगराई म्हणायचा, तिसऱ्या दिवशी दोन्ही खोटं म्हणून स्वतःवरच चिडायचा. मग मेंढरंवाले, मग मुलाणी, का आधी मुलाणी, मग मेंढरंवाले. इथं आला की थांबायचा आणि माझ्याकडं नाहीतर रसूलकडं तिरका बघून हसायचा.

चुकायचाही ठणठणीत. एकदा वरच्या माळावर दगडांचं गोल कडं सापडलं. मास्तरनं जाहीर केलं की ही फार पुरातन कबर आहे. पोरांना चपला काढायला लावून कड्याभोवती फिरवलं, आतलं गवत कापायचं नाही अशी ताकीद दिली. आठवडाभर कुणी तिकडं बकरूसुद्धा जाऊ दिलं नाही. मग ती सुईण म्हातारी काठी टेकत तिथं गेली आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये आमच्या सासऱ्याचं खळं हाय. माझ्या डोळ्यादेखत रचलंय. बाजरी मळायचो आमी हितं."

सगळी वाडी हसली. दुसरा कुणी असता तर सोलापूरची वाट धरली असती. मास्तर कड्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आणि पाहुणीबाई, सासऱ्याला ही दगडं कुठं सापडली?"

म्हातारीला ते माहीत नव्हतं. मास्तर जिंकल्यासारखा निघून गेला. असा माणूस. चूक त्याच्या अंगाला चिकटत नव्हती, त्याला नवा प्रश्न फुटायचा.

रसूलचं आणखी वेगळं दुखणं होतं. त्याला वाटायचं, मास्तर आपल्यातला, आपली बाजू घेईल. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "मास्तर, तुमी आपलं असून ह्येच्याकडनं बोलता व्हय?" मास्तर भडकला. भडकला की त्याची भाषा नवी पेठेत जाऊन यायची. "अरे क्या बातां करते तुम! मी कुणाकडनं बोलत नाही. तुम्ही दोघं एका झाडावरची पाखरं. एक म्हणतं झाड माझं, दुसरं म्हणतं झाड माझं. झाडाला विचारा की, किती पाखरं हगून गेली ते." ह्यावर मात्र मी हसलो. कारण होतं.

एकदा मास्तरचा भाऊ त्याला न्यायला आला होता. पांढरा कुर्ता, अत्तर, हातात फळांची पिशवी. खिंडीतून उतरताना पाय घसरून पडला, तरी बोलण्यात गोडवा. मी आणि रसूल तिथंच होतो, म्हणून ऐकलं. भाऊ म्हणाला, "भाईजान, भोत हुआ अब. घरकू चलो."

मास्तरनं विचारलं, "नवी पेठेत आपण कधी आलो रे?"

भाऊ म्हणाला, अब्बा आले गुलबर्ग्याकडनं.

"आणि अब्बाचे अब्बा?"

भावाला सांगता येईना. मास्तर म्हणाला, "मग कुठल्या घराला चल म्हणतोस? नवी पेठेत मी पाहुणा, इथं मी पाहुणा. इथं हवा बरी आहे." भाऊ फळं ठेवून गेला. आम्ही ती खाल्ली. मोसंबी होती.

मास्तर गेला त्यालाही आता काही वर्षं झाली. थंडीच्या दिवसात, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपला. रसूलच्या लोकांनी न्हाऊ घातलं, माझी पोरं कबर खणायला गेली. हातभर खोल गेलं नाही तोवर खापऱ्या लागायला लागल्या. पोरं थांबून माझ्याकडं बघायला लागली. रसूल म्हणाला, "लवकर खणा रं, न्हायतर मास्तर उठून बसंल." जनाज्याला आलेला त्याचा भाऊसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसला. रडतही होता, हसतही होता.

पण मला सांगायचंय ते दोन हजार तेराचंच.

त्या उन्हाळ्यात खालून बातमी आली की सरकारी साहेब खोरं बघायला येणार. कुणीतरी वरच्या हाफिसात लिहून ठेवलं होतं की ह्या खोऱ्यात जुनी वस्ती नाही. जी घरं आहेत ती मागाहून घुसलेली. तसं ठरलं तर सगळी घरं पाडायची, आणि माणसांना खाली रस्त्याच्या कडेला तुकडा-तुकडा जागा द्यायची. कोंबड्यांच्या खुराड्यासारखी. मेंढरं कुठं ठेवायची हे कुणी विचारलं नव्हतं. जुनी वस्ती होती असं ठरलं तर मात्र आम्ही इथंच राहणार, गाव म्हणून नोंद होणार. साहेब येणार, विचारणार, त्यावर सगळं.

दोन्ही वाड्या शाळेसमोर जमल्या. साहेब जीपमधून उतरला. वयानं माझ्या पोराएवढा, माणूस वाईट नव्हता. पाणी प्याला, टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, इथली सगळ्यात जुनी वस्ती कुणाची?

ह्याची मी जन्मभर वाट बघत होतो. उभा राहिलो. म्हणालो, "आमची. पांढरीवरचं पहिलं टोपलं आमचं असतंय. ह्ये मुलाणी आमच्या मागनं आले. आमच्या लोकांनी जागा दिली म्हणून ऱ्हायले."

रसूल गप्प बसणारा नव्हे. "साहेब, ही मेंढरामागची माणसं. चार महिनं हितं, आठ महिनं कुटं ते ह्येंचं ह्येंस्नी ठावं न्हाय. ज्येला घरच न्हवतं त्येला जुनं कसं म्हणायचं?"

मी म्हणालो, "घर न्हवतं तर तुझ्या आज्याला लोकर कुणी दिली रं?"

"इकत घेतली. खालच्या बाजारातनं."

लोक हसायला लागले. आम्हाला चेव चढला. मी त्याच्या घराण्याला कालचं म्हटलं, त्यानं माझ्या घराण्याला वाटसरू म्हटलं. दोन्ही वाड्यांतून आपापल्या बाजूनं होकार यायला लागले. साहेब शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही म्हणता हे मागाहून आले. हे म्हणतात तुम्ही कायमचे कधी नव्हताच. दोघांचं खरं धरलं तर इथं जुनं कुणीच नाही. असंच लिहू ना?"

हसणं थांबलं. मला कळलं काय झालं ते. रसूललाही कळलं. पण बोललेलं परत गिळायचं कसं? आम्ही दोघंही तसले नव्हे.

तेव्हा मास्तर उठला. माझा दंड धरला. त्या वाळक्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"पाहुणे, पुढचं सांगा."

"कसलं पुढचं?"

"तुमच्या पणज्याचं. मेंढरं घेऊन पहिल्यांदा खिंडीत उभा राहिला. खाली बघितलं. मग काय दिसलं?"

थोरल्यानं लहानपणी शाळेत ओकलेलं ते. मास्तर विसरला नव्हता. आणि ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त उंबऱ्याबाहेर कधी गेलं नव्हतं. बोललो तर पांढरीवरचा मान गेला. माझ्या बापानं ज्यासाठी डोकं फोडून घेतलं तो मान. न बोललो तर खोरं गेलं.

मी साहेबाकडं बघितलं नाही. रसूलकडं बघून बोललो. "पणजा खिंडीत आला तवा खाली धूर दिसला. चुलीचा. त्या घरच्या म्हातारीनं त्येला ताक दिलं, मेंढरास्नी पाणी दावलं. ती म्हातारी ह्येंची हुती."

कुणीतरी मागून अरेरे केलं. आमच्याच वाडीतलं होतं. मी वळून बघितलं, तसं गप्प झालं. एक सांगून ठेवतो. मी रसूलला मान दिला नाही. साक्ष दिली. दोन्हीत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्यानं माझ्याशी वाद घालायला यावं.

आता सगळे रसूलकडं बघायला लागले. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला होता. मास्तरनं त्याला काही विचारलं नाही. नुसता त्याच्या समोर जाऊन उकिडवा बसला, पांढरीवर बसायचा तसा. मग रसूल बोलायला लागला.

"आमचा पणजा पहिल्यांदा हितं आला तवा सारं खोरं सुनं हुतं. पण माळावर दगडी वाडगं हुतं, मेंढरं कोंडायचं. त्यात त्येनं पाठ टेकली. लेंड्या वल्या हुत्या. आन् कोपऱ्यात एक लंगडं कोकरू बांधलेलं, म्होरं पाला टाकलेला." थांबून माझ्याकडं बोट केलं. "ज्येला परत यायचं न्हाय त्यो कोकरू बांधून जात न्हाय. ही माणसं हुती. आमच्या आदी हुती."

साहेबानं डोकं खाजवलं. म्हणाला, मघाशी दोघंही स्वतःला आधीचे म्हणत होता, आता दोघंही दुसऱ्याला आधीचा म्हणताय. एक काहीतरी खरं असेल ना?

"दोन्ही," मास्तर म्हणाला. "हे पावसाळ्याला यायचे, उन्हाळ्याला जायचे. ते वाईट सालात खाली उतरायचे, बऱ्या सालात परत यायचे. हे आले तेव्हा ते होते, ते आले तेव्हा ह्यांचं कोकरू होतं. कोण पहिला ते मलाही सापडलं नाही साहेब, अख्खी नोकरी घालवली त्यात. पण तुम्ही जे लिहायला आलात, की इथं कुणी नव्हतं, तेवढं मात्र ह्या खोऱ्यात कधी झालं नाही. चला पांढरीवर, दाखवतो. जीभ लावून बघा."

साहेब पांढरीवर गेला. जीभ लावली नाही. पण मास्तरनं खणलेल्या खड्ड्याच्या कडेला बसून एकावर एक राखेचे थर बघितले, खापऱ्या हातात घेतल्या, आणि परत येऊन आम्हा दोघांचं बोलणं लिहून घेतलं. म्हणाला, हे मी वर पाठवतो. निकाल लागेपर्यंत कुणी नवा दगड लावायचा नाही. नवी भिंत दिसली की सगळ्यांचंच बिघडेल. समजलं?

आम्ही माना हलवल्या.

जीपमध्ये बसता बसता त्यानं मास्तरला विचारलं, "गुरुजी, तुमचं घर कुठलं ह्यात?"

मास्तर म्हणाला, "माझं नाही. मी सगळ्यात नवा. शाळेच्या पडवीत असतो."

साहेबाचा चेहरा जरा पडला. म्हणाला, शाळा तर ह्या जूनपासून बंद आहे, पोरंच नाहीत. कुलूप लागणार. पडवी रिकामी करावी लागेल. "ह्यांचं काय ते वरून ठरेल. तुमचं मात्र ह्यात काही बसत नाही. तुम्ही आपले दोन दिवसांत सोलापूरला जा. तुमचं गाव ते."

मास्तरकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. खळ्याला होतं, भावाला होतं, मला तर दिवसातून दहा वेळा होतं. त्या वेळेला त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि पडवीकडं चालायला लागला. आतून सामान आवरायचा आवाज यायला लागला. सामान काय, एक पेटी आणि खापऱ्यांची पोती.

मला जे पाहिजे होतं ते साहेबाच्या तोंडून आयतं मिळालं होतं. मास्तर उतरणार होता. मला काही करावं लागणार नव्हतं. रसूल माझ्या शेजारी उभा राहून जीपची धूळ बघत होता. म्हणाला, "गेलं म्हणायचं मास्तर." मी तसाच घरी आलो. हिनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, खोऱ्यात कोण ऱ्हायचं आन् कोण न्हाय हे ठरवायला आता खालनं माणसं यायला लागली, ते झालं.

तो कागद वर गेला तो अजून वरच आहे. हो आलं नाही, नाही आलं नाही. आम्ही आहोत. दर साली पांढरीवर भांडतो, अजून.

साहेब गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मेंढरं पोरांच्या हवाली करून, मी पहार आणि कुदळ घेतली. दोन्ही वाड्यांच्या मधे, साहेबाची जीप खिंडीतून उतरली की सगळ्यात आधी नजरेला पडेल अशी जागा बघितली, आणि मास्तरच्या घराचा पाया खणायला घेतला.